पिंजरा लावला, पुढे काय? : बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं बिबट्यांचं प्रकरण

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने राहणाऱ्यांसाठी २००२ ते २००४ ही वर्षं फार वाईट गेली. बिबट्यांचे हल्ले एकामागून एक होत राहिले, २००४ च्या जूनमध्ये तर काही आठवड्यांच्या आत कित्येक जीव गेले. त्या वर्षीच्या मृतांची संख्या दोन आकडी झाली. त्या काळात काय घडलं, कोणते पर्याय पुढे आले, कोणता निवडला आणि त्याचं काय झालं, हे इथे सलग मांडलं आहे. मृतांची, वस्त्यांची, सोसायट्यांची आणि त्या वेळी निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. ज्यांचं संशोधन प्रसिद्ध आहे किंवा ज्यांचं काम जाहीर आहे, त्यांचीच नावं ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

साष्टी बेटाच्या मधोमध डोंगरांची एक रांग आहे. तिच्या पश्चिमेला गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर; पूर्वेला भांडुप, मुलुंड, ठाणे. मधलं सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्र म्हणजे हे उद्यान. मुंबईतली सर्वांत उंच जागा, ४६८ मीटरची जांभूळमाळ टेकडी, याच हद्दीत येते. दक्षिणेला उद्यानाला लागून आरे दुग्ध वसाहत आणि पवई. उत्तरेला घोडबंदर रस्ता, रस्त्यापलीकडे नागला जंगलाचा तुकडा, मग वसईची खाडी आणि खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य. मुंबईचं जंगल तीन बाजूंनी शहराने कोंडलेलं आहे हे खरं, पण उत्तरेकडची ही फट अजून बुजलेली नाही.

एवढं जंगल मुंबईत टिकलं कसं, याचं खरं उत्तर पाण्यात आहे. शहराला नळाचं पाणी मिळावं म्हणून विहार तलाव बांधला गेला, तो १८६० मध्ये पुरा झाला. तुळशी तलाव १८७९ चा. पाणलोट स्वच्छ राहावा म्हणून त्या डोंगरांवरची शेती आणि वस्ती हटवली गेली, आणि जंगलाला आयतं संरक्षण मिळालं. वन्यजीवांचा विचार बराच नंतर आला. हे दोन तलाव नसते तर बोरिवली-मुलुंडच्या मधल्या टेकड्यांवर आज इमारती असत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पाण्याचा हिशेब इथे त्याहूनही जुना आहे. उद्यानाच्या पोटातल्या कान्हेरीला शंभराहून जास्त बौद्ध लेणी आहेत. भिक्षूंनी पावसाळ्याचं पाणी धरण्यासाठी जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी पोढी खोदल्या आणि त्यांना पन्हळींनी पाणी आणलं. जिथे वर्षाचे चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले महिने कोरडे, तिथे शेकडो वर्षं वस्ती टिकली ती या पोढींच्या जोरावर.

स्वातंत्र्यापूर्वी इथे कृष्णगिरी नावाचं छोटं राष्ट्रीय उद्यान होतं. पुढे भोवतालचं राखीव जंगल जोडलं गेलं. १९७४ मध्ये ते बोरिवली राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८१ मध्ये आजचं नाव मिळालं. जंगल पानगळीचं आहे : साग, ऐन, खैर, सावर, पांगारा, करंज, कळकाची बेटं. उतारांवर कारवी, जी आठ वर्षांनी एकदाच फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये इथले उतार जांभळे झाले होते. उन्हाळ्यात पानं झडली की जंगल विरळ दिसतं, आणि पहिल्या पावसानंतर महिनाभरात हातभर अंतरावरचंही दिसत नाही इतकं दाट होतं. चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, वानर ही बिबट्याची नेहमीची शिकार. वाघ इथून कधीच संपला, त्यामुळे बिबट्याच इथला सर्वांत मोठा शिकारी.

जंगलात माणसंही आहेत. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे उद्यानाच्या आत आणि आरेत पिढ्यान् पिढ्या आहेत. वाघोबा हा त्यांचा देव. पाड्यांवरचे वाघोबाचे दगड जुने आहेत. राष्ट्रीय उद्यान ही कल्पना त्या मानाने कालची.

१९८० आणि ९० च्या दशकांत उद्यानाच्या कडेने झोपडपट्ट्या आत सरकल्या. १९९५ मध्ये एका पर्यावरण संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि १९९७ मध्ये अतिक्रमणं हटवण्याचे आदेश निघाले. हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, संरक्षक भिंतीचं काम सुरू झालं. हल्ल्यांची लाट आली ती याच उलथापालथीच्या मागोमाग.

प्रश्न नेमका काय होता

बातम्यांमधून चित्र असं उभं राहिलं की बिबटे जंगलातून बाहेर पडून शहरात घुसत आहेत. घटनास्थळं पाहिली तर चित्र थोडं वेगळं होतं. बहुतेक हल्ले कडेच्या पट्ट्यात झाले : भांडुप-मुलुंडच्या चढावरच्या वस्त्या, पवई, आरे, ठाण्याचा उतार. वेळ संध्याकाळची किंवा रात्रीची. बळी गेलेल्यांमध्ये लहान मुलं बरीच होती. काहींवर हल्ला झाला तेव्हा ते उघड्यावर शौचाला बसलेले होते. बिबट्या उभ्या, मोठ्या माणसाला सहसा टाळतो. खाली बसलेली किंवा लहान आकृती त्याच्या नजरेला वेगळी दिसते. घराजवळ संडास नसणं हा आरोग्याचा प्रश्न म्हणून मुंबईत शेकडो वेळा मांडला गेला आहे, पण या पट्ट्यात तो जिवावरचा प्रश्न होता.

त्या वस्त्यांमागे कचऱ्याचे ढीग असत. कचऱ्यावर कुत्री आणि डुकरं. कुत्रं हे बिबट्यासाठी चितळापेक्षा कितीतरी सोपं भक्ष्य आहे. पुढे २०१५ मध्ये निकित सुर्वे यांनी उद्यानात केलेल्या अभ्यासात बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा जवळपास एक चतुर्थांश निघाला. २०१८ मधल्या आणखी एका अभ्यासाने अंदाज मांडला की इथले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खात असावेत. म्हणजे बिबट्या वस्तीशी येत होता तो बहुतांशी कुत्र्यासाठी, आणि त्याच अंधारात, त्याच वाटेवर माणूसही असे.

तरीही एक कोडं उरतं. कचरा, कुत्री, अंधार हे २००२ च्या आधीही होते आणि २००५ नंतरही. मग नेमकी तीच तीन वर्षं इतकी वाईट का गेली?

समोरचे पर्याय

त्या वेळी चर्चेत असलेले पर्याय आज वाचले की काही विचित्र वाटतात. पण जनक्षोभाच्या काळात कोणतं खातं काय करू धजतं, हे त्यातून दिसतं.

पहिलं म्हणणं होतं, उद्यानात बिबटे जास्त झाले आहेत, ते कमी करा. किती आहेत, हे मात्र खात्रीने कुणालाच सांगता येत नव्हतं. तेव्हा मोजणी पायांच्या ठशांवरून होई. मऊ मातीत, ओल्या वाटेवर, चालत्या आणि उभ्या बिबट्याचा ठसा वेगवेगळा पडतो. एकाच बिबट्याचे ठसे दोन मोजले जाऊ शकतात आणि दोघांचे एक. अशा आकड्यावर "जास्त झाले" असा निष्कर्ष काढणं म्हणजे अंदाजाच्या डोक्यावर अंदाज ठेवणं.

दुसरं म्हणणं, जंगलात खायला नाही म्हणून बिबटे बाहेर येतात. त्यावरचा उपाय म्हणून उद्यानात डुकरं आणि ससे सोडले गेले. वर्तमानपत्रांनी हे भरभरून छापलं. पण पाळीव डुक्कर जंगलात सोडलं की ते वस्तीच्या कचऱ्याकडे जाण्याची शक्यताच जास्त. म्हणजे बिबट्याला जंगलात थांबवण्यासाठी सोडलेलं भक्ष्य त्याला पुन्हा वस्तीकडेच नेणार.

तिसरा पर्याय भिंत. माणसांचं अतिक्रमण थांबवायला भिंत उपयोगी पडली हे मान्य करायला हवं. बिबट्यासाठी मात्र ती अडथळा नव्हे. शिवाय हे जंगल सगळीकडून बंद केलं तर उत्तरेची वाटही बंद होईल.

चौथा पर्याय पिंजरा. प्रत्यक्षात भर यावरच राहिला, म्हणून त्याकडे जरा तपशिलाने पाहावं लागेल.

पिंजऱ्याचा निर्णय

एखाद्या वस्तीत माणूस मारला गेला की त्या रात्रीच तिथे जमाव जमे. नगरसेवक येत, वार्ताहर येत, वनखात्याची गाडी अडवली जाई. जमावाची मागणी एकच, बिबट्या पकडा. अशा वेळी "थांबा, आधी कोणता बिबट्या आहे ते शोधू" असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याची काय अवस्था झाली असती, याची कल्पना करता येते. पिंजरा लावणं ही दिसणारी कृती असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पिंजऱ्याचा फोटो येतो, लोकांना काहीतरी होतंय असं वाटतं. त्या अर्थी पिंजरा लोकांच्या रागावरचा उपाय होता. बिबट्याच्या वागण्याचा त्याच्याशी फार संबंध नव्हता.

पिंजऱ्याचं यंत्र साधं आहे. मागच्या कप्प्यात बोकड किंवा कुत्रं बांधतात, बिबट्या आत शिरला की पुढचं दार पडतं. यात पहिली अडचण अशी की पिंजऱ्यात येणारा बिबट्या हाच हल्ला करणारा आहे याची काहीच खात्री नसते. त्या वाटेने जाणारा कोणताही भुकेला बिबट्या अडकतो, अनेकदा एखादं नवखं पिल्लू किंवा पिल्लांची आई. दुसरी अडचण, पकडल्यावर त्याचं करायचं काय? कायद्याप्रमाणे बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय त्याला पकडता किंवा मारता येत नाही. माणसांच्या जिवाला तो धोकादायक ठरला असेल, किंवा बरा न होण्याइतका अपंग वा आजारी असेल, तरच अशा प्रसंगी ही परवानगी. पकडलेल्या प्रत्येकाला आयुष्यभर डांबून ठेवणंही शक्य नाही. मग उरतो तो सगळ्यांना सोयीचा वाटणारा मार्ग : दुसरीकडे नेऊन सोडा.

असं सोडणं त्या काळात राज्यभर चालू होतं. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात जात. आणि मुंबईच्या उद्यानातही बाहेर पकडलेले बिबटे आणून सोडले गेले, असं पुढे अभ्यासकांनी मांडलं. कुणी वाईट हेतूने हे केलं नव्हतं. बिबट्या जंगलातला, त्याला जंगलात सोडलं, यात चूक काय, हाच विचार होता.

चूक बिबट्याच्या स्वभावाची माहिती नसण्यात होती. प्रत्येक प्रौढ बिबट्याचा स्वतःचा मुलूख असतो. ज्या जंगलात त्याला सोडतात तिथे दुसऱ्या कुणाचं तरी राज्य आधीच असतं. नवखा बिबट्या तिथून हुसकावला जातो आणि आपल्या जुन्या जागेकडे परत निघतो, वाटेत त्याला अनोळखी गावं लागतात. त्यातून पिंजऱ्याच्या गजांवर धडका मारून दात तुटलेले, नखं गेलेली, माणसांचा गोंगाट अंगावर घेतलेला. आणि ज्या जागेवरून त्याला उचललं ती जागा थोड्याच दिवसांत एखादा तरुण बिबट्या घेतो. म्हणजे एका बिबट्याच्या जागी दोन ठिकाणी दोन अस्वस्थ बिबटे होतात.

जुन्नरमधून आलेला पुरावा

या प्रकरणाला वळण मिळालं ते मुंबईत नाही, जुन्नरमध्ये. तिथे २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले जाऊ लागले आणि नेमके तेव्हाच माणसांवरचे हल्ले वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनखात्याच्या नोंदी घेऊन हा हिशेब मांडला. त्यांनी पाहिलेले २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटरच्या आसपास अंतरावर सोडले गेले होते. हे सुरू होण्यापूर्वी त्या भागात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर सरासरी १७ झाली. जीव घेणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. पकडलेल्या काही बिबट्यांच्या अंगात सूक्ष्मचिप बसवली होती, म्हणून पुन्हा पकडला गेलेला बिबट्या कुठला हे ओळखता येत होतं.

मुंबईच्या २००२-०४ च्या लाटेसाठी इतका नेटका हिशेब उपलब्ध नाही. बाहेरून आलेले बिबटे हे तिचं एक मोठं कारण असावं हा अभ्यासकांचा अंदाज मला पटतो, कारण काळाशी तो जुळतो. पण सगळा दोष त्यावर टाकणं घाईचं होईल. त्याच काळात झोपड्या हटल्या, भिंत उभी राहत होती, कडेची वस्ती हलत होती. दोन-तीन मोठे बदल एकाच वेळी झाले की त्यातला नेमका कोणता कामी आला हे नंतर वेगळं काढता येत नाही. या प्रकरणाबद्दल लिहिताना हा भाग अनेकदा सोडून दिला जातो.

काय केलं गेलं

हल्ल्यांच्या शिखरानंतर दोन गोष्टी बदलल्या. पकडलेले बिबटे पुन्हा मोकळे सोडण्याऐवजी उद्यानाच्याच बचाव केंद्रात ठेवले जाऊ लागले, आणि बाहेरचे बिबटे इथे आणून सोडण्याला आळा बसला. पुढच्या दोन-तीन वर्षांत हल्ले झपाट्याने कमी झाले. बातम्याही थांबल्या. बातम्या थांबल्या की खात्यांची निकडही थांबते. कचरा आणि संडास यांचं गाडं जिथल्या तिथे राहिलं.

२००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक नर बिबट्या काढण्यात आला. त्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. अभ्यासकांनी त्याला आजोबा म्हटलं. तो गावं, रस्ते, रेल्वेमार्ग ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या उद्यानापाशी पोहोचला, आणि एवढ्या वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ मध्ये वसईजवळ महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. या एका बिबट्याने अनेक गृहीतकं मोडली. उद्यान हे बेट नाही, आणि वस्तीतून जाणारा बिबट्या म्हणजे हल्ला करणारा बिबट्या नाही, हे आता नकाशावरच्या ठिपक्यांनी दाखवता येत होतं. त्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यातल्या अभ्यासानेही तेच सांगितलं : चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा मुलखात १०० चौरस किलोमीटरमागे पाचेक प्रौढ बिबटे नांदत होते, आणि माणसांचे मृत्यू नव्हते.

एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मानव-बिबट्या संघर्षासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बिबट्या नुसता दिसला म्हणून पकडू नये, पकडणं हा शेवटचा उपाय, आणि पकडलेल्याला दूर नेऊन सोडणं टाळावं, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये यांच्या पुढाकाराने आणि अत्रेया यांच्या साथीने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी ही उद्यानाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) हा उपक्रम सुरू झाला.

या उपक्रमाची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे वार्ताहरांच्या कार्यशाळा. "बिबट्याची दहशत" हा मथळा वाचून नगरसेवकाचा फोन खणखणतो, मग वनखात्यावर पिंजऱ्याचा दबाव येतो. ही साखळी तोडायची तर सुरुवात बातमीपासून करायला हवी, हे ज्याने ओळखलं त्याला मुंबई कळली होती. त्याबरोबर वनकर्मचाऱ्यांच्या बचाव पथकाला प्रशिक्षण मिळालं, कारण अडकलेल्या बिबट्याभोवती जमलेली हजार माणसांची गर्दी हीच बहुतेक वेळा मोठी दुर्घटना घडवते. गर्दी हटवण्यासाठी पोलिसांशी आधीच बोलणी झाली. पाड्यांवर आणि सोसायट्यांमध्ये जाऊन साध्या गोष्टी सांगितल्या गेल्या : अंधार पडल्यावर लहान मुलाला एकटं बाहेर पाठवू नका, बाहेर जाताना विजेरी घ्या आणि बोलत चाला, कचरा उघड्यावर टाकू नका, कुत्र्यांना उरलंसुरलं घालू नका.

पाड्यांवर यातलं बरंच आधीपासून माहीत होतं. अडचण आली ती सोसायट्यांमध्ये. जंगलाचा देखावा म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेल्या फ्लॅटच्या आवारात सीसीटीव्हीत बिबट्या दिसला की सकाळी पिंजऱ्याची मागणी. बाल्कनीतून दिसणाऱ्या जंगलात बिबट्या असणारच, हे सांगायला वनरक्षकाला दारोदार जावं लागलं.

निकाल

२०१३ नंतर काही वर्षं उद्यानाच्या परिसरात बिबट्याने माणूस मारल्याची घटना घडली नाही. याच काळात कॅमेरा सापळ्यांनी, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांनी, मोजणी सुधारली. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची रचना वेगळी असते, त्यावरून बिबट्या नेमका ओळखता येतो. २०१५ च्या अभ्यासात ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ च्या मोजणीत ४७. दोन्ही मोजण्यांची क्षेत्रं सारखी नसल्याने "एवढे वाढले" असं सरळ म्हणता येत नाही. तरीही एक गोष्ट दिसते : दर १०० चौरस किलोमीटरमागे वीसहून जास्त बिबटे, म्हणजे जगातल्या सर्वांत दाट संख्यांपैकी एक, आणि तरी हल्ले नगण्य. "बिबटे जास्त म्हणून हल्ले जास्त" या २००४ मधल्या म्हणण्याला यातून काहीच आधार मिळत नाही.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. २०१७ मध्ये गोरेगावच्या बाजूला एका लहान मुलाचा जीव गेला. २०२१ मध्ये आरेत हल्ल्यांची मालिका झाली आणि २०२२ मध्ये दिवाळीत तिथेच एक तान्हं मूल बळी पडलं. यावेळी मात्र वागणं वेगळं होतं. कॅमेऱ्यातले ठिपके जुळवून हल्ले कोणता बिबट्या करतो आहे हे ठरवण्याचा प्रयत्न झाला. पिंजरे लागले, पण ते आता संशयिताच्या मागावर होते.

जुन्नरचं चित्र याच्या उलट. ज्या भागाच्या आकड्यांनी मुंबईला शहाणं केलं, तिथे प्रश्न आजही पेटलेला आहे. कारण तिथे जंगल आणि शेत अशी हद्दच नाही. उसाच्या फडातच बिबट्याची मादी विते आणि तोडणीच्या हंगामात पिल्लं उघड्यावर येतात. मुंबईचा उपाय तिथे उचलून नेता येणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या हल्ल्यापासूनच पकडलेल्या प्रत्येक बिबट्याला चिप बसवून त्याची नोंद ठेवली असती, कुठे पकडला, कुठे सोडला, पुन्हा कुठे सापडला, तर २००४ उजाडण्याआधीच संशयाची दिशा कळली असती. हे तंत्र त्याच सुमारास जुन्नरमध्ये वापरलं गेलं. मुंबईत नोंद नसल्यामुळे वीस वर्षांनंतरही आपण "बहुधा" म्हणतो आहोत.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने याहून मोठी. जे हल्ले टळले असते त्यांतले अनेक संडास आणि दिव्यांनी टळले असते. ही कामं महापालिकेची. वनखात्याकडे ना त्यासाठी निधी, ना अधिकार. पण २००४ मध्ये मागणी वनखात्याकडे होत होती आणि ती पिंजऱ्याची होती. त्या जूनमध्ये एकाच टेबलाशी वनाधिकारी, महापालिकेचे घनकचरा अधिकारी आणि वॉर्ड कार्यालय बसलं असतं, तर निदान पावसाळा संपायच्या आत काही वस्त्यांमागे फिरती शौचालयं आणि दिवे उभे राहू शकले असते. तसं टेबल २०११ नंतर, तेही अर्धवट, जमलं.

पाड्यांना विचारणं हा तिसरा मुद्दा. जे पिढ्यान् पिढ्या बिबट्याबरोबर राहिले त्यांचं ज्ञान त्या काळच्या निर्णयांत कुठेच दिसत नाही. उलट, अतिक्रमणविरोधी मोहिमेत अनेक पाड्यांना अतिक्रमणकर्त्यांच्याच रांगेत उभं केलं गेलं. मूळ रहिवासी आणि नंतर आलेले यांच्यातला फरक कागदावर आला असता, तर रात्रीच्या गस्तीसाठी आणि पहिल्या सूचनेसाठी वनखात्याला हक्काची माणसं मिळाली असती.

आरेत हा प्रश्न आजही तसाच गुंतलेला आहे. १९४९ मध्ये वसलेल्या या वसाहतीची बरीच जमीन दुग्धविकास खात्याची, तिच्यातच चित्रनगरी, तबेले, वस्त्या आणि पाडे. २०२०-२१ मध्ये सुमारे ८१२ एकर राखीव वन म्हणून वनखात्याकडे आली. त्याच्या बाहेरच्या कचऱ्यावर वनखात्याचा अधिकार चालत नाही, आणि बिबट्या दोन्हीकडे फिरतो. आता उद्यानाच्या पोटातून ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं काम सुरू आहे. जमिनीखालच्या खोदकामाचा बिबट्याला किती त्रास होईल यावर वाद चालू राहील. पण बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी कामगारांच्या वस्त्या असणार, त्यांचं उरलेलं अन्न आणि त्यामागे येणारी कुत्रीही असणार. तिथल्या रोजच्या कचऱ्याची, दिव्यांची आणि संडासांची जबाबदारी कंत्राटातच लिहून घेतली तर ती कुणावर ढकलायची हा वाद काम संपेपर्यंत तरी टळेल.